उदाहरण जोडलं, पण उत्तर कुणी तपासलं?

पीएचडीच्या तयारीला लागलेले ज्युनिअर हल्ली हमखास विचारतात, "कोडसाठी एआय वापरतोस, मग त्याला उदाहरणांची लायब्ररी जोडलीस का?" जोडली. काही महिने वापरली. फायदा झाला आणि एकदा फटकाही बसला. दोन्ही सांगतो.

आधी हे काय आहे ते बघू. एआय सहायक जे शिकलेला असतो ते एका ठरावीक तारखेपर्यंतचं. त्यानंतर पायथनची पॅकेजेस बदलतात, ते त्याला माहीत नसतं. म्हणून त्याला बाहेरचा साठा जोडायचा. आपण प्रश्न विचारला की तो साठ्यात शोधतो, जुळणारे दोन-चार तुकडे आपल्या प्रश्नासोबत वाचतो आणि मग कोड लिहितो. म्हणजे तो नवीन काही शिकत नाही, पुस्तक उघडं ठेवून पेपर लिहितो. या जोडणीसाठी अँथ्रॉपिकनं नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी, हे खुलं मानक जाहीर केलं. कॉन्टेक्स्ट७ सारखी साधनं त्याच वाटेनं पॅकेजच्या त्या-त्या आवृत्तीची माहिती आणि उदाहरणं पुरवतात.

फायदा कुठे होतो? साधं उदाहरण घ्या. आलेखाखालचं क्षेत्रफळ काढायला सायपायमध्ये पूर्वी 'सिम्प्स' हे फंक्शन होतं. २०२४ मध्ये आलेल्या १.१४ आवृत्तीत ते काढून टाकलं; आता 'सिम्पसन' वापरायचं. नुसता सहायक जुनं नाव लिहितो आणि प्रोग्राम तिथंच बंद पडतो. लायब्ररी जोडली की नवं नाव येतं. डोकेदुखी गेली, मान्य.

पण ही चूक ओरडणारी आहे. लाल अक्षरात एरर येते, आपण दुरुस्त करतो. संशोधनात माणूस बुडतो तो मुक्या चुकीमुळे.

माझंच घ्या. मी सिनिअर्सच्या जुन्या प्रोग्रामचं एक फोल्डर सहायकाला जोडलं. वाटलं, आपल्याच विषयाची उदाहरणं, याहून चांगलं काय? मग झिंक ऑक्साइडच्या एक्सआरडीवरून शेरर सूत्रानं क्रिस्टलाइट साइज काढायला सांगितलं. राजारामपुरीतल्या खोलीवर रात्री एकला स्क्रीनवर आकडा आला: २४.१ नॅनोमीटर. कोड चालला की! झोपलो.

दोन दिवसांनी वहीत हातानं गणित केलं तर उत्तर २०.८. शिखर ३४.४ अंशावर, रुंदी ०.४ अंश, तरंगलांबी ०.१५४०६ नॅनोमीटर, के ०.९. एक्सआरडीच्या आलेखावर असतो तो दोन थीटा. सूत्रात कोसाइन घ्यायचा तो त्याच्या निम्म्याचा, म्हणजे १७.२ अंशाचा. जुन्या प्रोग्राममध्ये निम्मं करायचं राहून गेलं होतं, आणि सहायकानं ते इमानदारीनं उतरवलं. फरक जवळजवळ १६ टक्क्यांचा. गंमत म्हणजे दोन्ही आकडे पटण्यासारखे आहेत. २४०० आलं असतं तर मी तेव्हाच जागा झालो असतो. दोष माझाच, न तपासलेली वही मी दुसऱ्याच्या हातात दिली.

म्हणून माझा आक्षेप जोडणीवर नाही, तिच्याभोवतीच्या भाबड्या विश्वासावर आहे. "उदाहरणावरून लिहिलंय" म्हटलं की आपण सैल पडतो. शोधयंत्र जुळणारं उदाहरण शोधतं, बरोबर असलेलं नव्हे.

मग चांगला साठा कोणता? इथं आपल्याच राज्यातलं एक काम आठवतं. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पात विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतल्या सोडवलेल्या उदाहरणांचे सायलॅब आणि पायथनमध्ये कोड लिहिले. त्यांना टेक्स्टबुक कम्पॅनियन म्हणतात. यातली मला आवडलेली गोष्ट अशी की प्रत्येक कोडला पुस्तकात छापलेलं उत्तर आहे. चालवा, पडताळा. मर्यादाही आहे: पायथनमधला बराचसा कोड पायथन २ च्या वळणाचा आहे, आणि त्या आवृत्तीचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला संपला. म्हणजे एका साठ्यात आवृत्ती ताजी पण उत्तर नाही. दुसऱ्यात उत्तर आहे पण आवृत्ती शिळी. दोन्ही शेजारी ठेवले तरच काम होतं.

मी आता तीन गोष्टी पाळतो. एक, सहायकाला आधी माझ्या पॅकेजच्या आवृत्त्या सांगतो. दोन, साठ्यात उदाहरण टाकण्याआधी त्याचं एक उत्तर कॅल्क्युलेटरवर काढून शेजारी लिहितो. ज्याला उत्तर नाही, त्याला साठ्यात जागा नाही. तीन, कोणतं उदाहरण कुठून घेतलं ते वहीत नोंदवतो. उद्या प्रबंधात श्रेय द्यायचं असो की चूक शोधायची असो, तीच नोंद कामाला येते. अजून एक: अप्रकाशित डेटा प्रश्नात चिकटवू नका. साठा बाहेरच्या सर्व्हरवर असेल तर प्रश्नही तिकडं जातो.

व्हायव्हाला परीक्षक सहायकाला विचारणार नाहीत, तुम्हाला विचारणार आहेत, "थीटा निम्मा का केला?" त्याचं उत्तर येत असेल तर खुशाल लायब्ररी जोडा. नसेल येत, तर आधी वही काढा.