अकापुल्कोचा सूर: मांडलेलं म्हणजे खोटं का?

पर्यटनाच्या अभ्यासात 'मांडलेला अस्सलपणा' ही संकल्पना पावलोपावली भेटते. डीन मॅकॅनेल या समाजशास्त्रज्ञाने ती १९७३ साली मांडली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पर्यटकाला दर्शनी भागापेक्षा पडद्यामागचं, 'खरं' आयुष्य पाहायचं असतं. मग त्याच्यासाठी पडद्यामागची बाजूही सजवून ठेवली जाते. पर्यटकांची टिंगल न करता मॅकॅनेल हे सांगतो, ही त्याची जमेची बाजू. पण ही चौकट कुठे कमी पडते ते पाहू.

उदाहरण मेक्सिकोतल्या अकापुल्कोचं. तिथे ला केब्राडा नावाच्या कड्यावरून १९३४ पासून 'क्लावादिस्ता', म्हणजे सूर मारणारे, प्रेक्षकांसमोर समुद्रात झेपावतात. उंची सुमारे ३५ मीटर, म्हणजे अकरा-बारा मजले! संध्याकाळी ठरलेल्या वेळांना खेळ होतात. समोर हॉटेलच्या गच्चीत जेवणं चालू असतात आणि रात्री उशिराच्या खेळात हातात मशाली असतात. उडीआधी तो तरुण कड्यावरच्या छोट्या देवळीत ग्वादालूपेच्या मातेपुढे हात जोडतो.

मॅकॅनेलच्या चष्म्यातून पाहिलं तर सगळं जुळतं. वेळापत्रक, दिवे, तिकीट... आणि ती प्रार्थना म्हणजे तर दाखवण्यासाठी उघडी ठेवलेली 'मागची खोलीच'.

पण लाटेचं काय? ती वेळापत्रक पाळत नाही. खालची घळ अरुंद, लाट आत शिरते तेव्हाच पुरेसं पाणी. म्हणून तो माणूस काठावर उभा राहून लाटा बघत राहतो. आपल्याला वाटतं, उत्कंठा ताणतोय. ताणली जाते हे खरंच, पण थांबण्याचं कारण आपण नसतो.

माझा आक्षेप इथे आहे. 'हे खरं की मांडलेलं?' हा प्रश्न गच्चीत बसलेल्या माणसाचा आहे. काठावरच्या माणसाला तो पडतच नाही. त्याचा प्रश्न एवढाच, की लाट आली का? लोक बघताहेत म्हणून त्याची प्रार्थना खोटी ठरत नाही, आणि तिकीट लावलं म्हणून खडक मऊ होत नाही.

'फन इन अकापुल्को' (१९६३) या चित्रपटात नायक एल्विस प्रेस्ली इथूनच सूर मारतो. प्रत्यक्षात एल्विस चित्रीकरणासाठी मेक्सिकोत गेलाच नव्हता! श्रेय एकाचं, जोखीम दुसऱ्याची.

ऑक्टोबर २०२३ मध्ये ओटिस चक्रीवादळाने अकापुल्कोची दैना केली. अशा वेळी प्रेक्षक नाहीत, म्हणजे कमाई नाही. अस्सलपणाच्या चर्चेत हा हिशेब कुठेच येत नाही.

तेव्हा असा खेळ पाहाल तेव्हा 'हे अस्सल आहे का?' हे जरा बाजूला ठेवा. धोका कोण पत्करतंय आणि पैसा कुठे जातोय, हे आधी विचारा.