प्रतिकृती, विमान आणि ड्रोन : एका नोंदणीवादाचा शब्दार्थविचार

१

शासन एखाद्या वस्तूची नोंदणी सक्तीची करते, तेव्हा ती वस्तू कोणत्या वर्गात मोडते हे त्याला आधी ठरवावे लागते. आणि वर्ग ठरविणे म्हणजे एका अर्थी नाव देणेच होय. म्हणूनच नोंदणीविषयीचे वाद वरवर पाहता शुल्काचे अथवा सोयी-गैरसोयीचे दिसत असले, तरी त्यांच्या मुळाशी पुष्कळदा शब्दार्थाचा प्रश्न असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत छंद म्हणून उडविली जाणारी लहान विमाने व ड्रोन यांच्या नोंदणीवरून २०१५ पासून जो वाद झाला, तो या दृष्टीने अभ्यसनीय आहे. हौशी विमानकारांनी या वादात मांडलेल्या मतांचा विचार बहुधा नागरिकाचे स्वातंत्र्य किंवा आकाशातील सुरक्षितता या अंगांनी होतो. त्या मतांतील युक्तिवादाची घडण, विशेषतः 'मॉडेल एअरक्राफ्ट' या संज्ञेवर त्याने टाकलेला भार, तपासला असता असे दिसते की, हौशी पक्षाचे बहुतेक आक्षेप खरे होते. परंतु ज्या नावाच्या आधारे ते मांडले गेले ते नाव हा भार पेलण्याइतके समर्थ नव्हते.

वादाची हकीकत थोडक्यात अशी. फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन या शासकीय यंत्रणेने २१ डिसेंबर २०१५ पासून लहान मानवरहित विमानांच्या नोंदणीची नवी पद्धत अमलात आणली. २५० ग्रॅमहून अधिक आणि ५५ पौंडांहून कमी वजनाची विमाने तीत येत होती. शुल्क ५ डॉलर होते व मुदत ३ वर्षांची होती. आधीपासून विमाने बाळगणाऱ्यांना १९ फेब्रुवारी २०१६ पर्यंत अवधी दिला गेला. एका हौशी विमानकाराने या नियमास आव्हान दिले. १९ मे २०१७ रोजी 'टेलर विरुद्ध हुएर्टा' या खटल्यात वॉशिंग्टन येथील संघीय अपील न्यायालयाने छंदाच्या विमानांपुरता तो नियम रद्द ठरविला. परंतु त्याच वर्षीच्या डिसेंबरात अमेरिकन काँग्रेसने संरक्षणविषयक कायद्यातील एका कलमाने तो पुन्हा जिवंत केला, आणि ५ ऑक्टोबर २०१८ च्या कायद्याने हौशी विमानांना सवलत देणारे मूळ कलमच काढून टाकले. जिंकलेला पक्ष दीड वर्षाच्या आत सर्व गमावून बसला, तो का, हा येथे विचाराचा विषय आहे.

२

हौशी पक्षाचा पहिला युक्तिवाद परंपरेचा आहे. ॲकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स ही संस्था १९३६ मध्ये स्थापन झाली. तिने आपल्या सभासदांसाठी सुरक्षेची संहिता केली, मंडळे व मैदाने उभी राहण्यास साहाय्य केले, विम्याची व्यवस्था केली, आणि विमानावर मालकाचे नाव-पत्ता किंवा सभासद-क्रमांक घालण्याचा दंडक घातला. शासनानेही १९८१ मध्ये एक सल्लापत्रक काढून ४०० फुटांवर विमान नेऊ नये, विमानतळापासून ३ मैलांच्या आत उडवावयाचे झाल्यास तेथे कळवावे, अशा काही सूचना केल्या. त्या ऐच्छिक होत्या. आपले नियमन आपण इतकी वर्षे करीत आलो, मग आता नोंदणी कशासाठी, असा हौशी पक्षाचा प्रश्न होता. संस्थेचा प्रतिनिधी शासनाच्या नोंदणी-समितीवर होता. तरीही नियम जाहीर झाल्यावर संस्थेने सभासदांना नोंदणीची घाई न करण्याचा सल्ला दिला.

या युक्तिवादाचे मर्म नीट पाहिले पाहिजे. विमानावर क्रमांक घालण्यास विरोध नव्हता. तो तर आधीपासून घातला जातच होता. विरोध होता तो क्रमांक देणारा बदलण्यास. चिन्ह तेच राहिले तरी ते कोणी दिले यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. मंडळाने दिलेला क्रमांक 'हा आपल्यांपैकी एक' असे सांगतो. शासनाने दिलेला क्रमांक 'ही व्यक्ती आम्हांस ठाऊक आहे' असे सांगतो. पहिल्यात आपलेपणा आहे, दुसऱ्यात उत्तरदायित्व आहे. त्यातही २०१५ च्या पद्धतीत हौशी माणसाने एकदाच नाव नोंदवून तोच क्रमांक आपल्या सर्व विमानांवर घालावयाचा होता. म्हणजे नियमाचे नाव विमानांची नोंदणी असे असले, तरी प्रत्यक्षात नोंद होत होती ती माणसाची. आपला घरचा पत्ता शासकीय नोंदवहीत जाण्याविषयी अनेकांना वाटलेली अस्वस्थता या विसंगतीतून आलेली आहे, आणि ती अवास्तव म्हणता येत नाही. उलट, पाच डॉलरांचे ओझे ते काय, हरवलेले विमान क्रमांकामुळे परत तरी मिळेल, असे म्हणणारेही हौशी होते. त्यांनी क्रमांकाचा केवळ व्यावहारिक अर्थ घेतला. दोन्ही गट एकाच चिन्हाविषयी बोलत होते, पण एकाच अर्थाविषयी नव्हे.

३

दुसरा युक्तिवाद व्याख्येचा आहे. अमेरिकन कायद्यातील 'एअरक्राफ्ट' या शब्दाची व्याख्या फार रुंद आहे : हवेत संचार करण्यासाठी किंवा उडण्यासाठी शोधलेली, वापरलेली वा योजलेली कोणतीही वस्तू. आपल्याकडील नैयायिकांनी लक्षणाचे जे तीन दोष सांगितले आहेत, त्यांपैकी अतिव्याप्तीचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण. पिर्कर प्रकरणात, व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारात २०११ मध्ये केलेल्या एका उड्डाणाबद्दल १०,००० डॉलर दंडाचा प्रश्न होता. मार्च २०१४ मध्ये तेथील प्रशासकीय न्यायाधीशाने नेमका हाच दोष दाखविला : ही व्याख्या जशीच्या तशी घेतली, तर कागदी विमान आणि बाल्सा लाकडाचे खेळणेही 'विमान' ठरेल. त्याच वर्षी नोव्हेंबरात वरिष्ठ मंडळाने हा निर्णय फिरविला आणि शब्दाचा रुंद अर्थच कायम केला.

या रुंद अर्थापासून हौशी विमानांचे रक्षण करीत होते ते २०१२ च्या कायद्यातील कलम ३३६. 'मॉडेल एअरक्राफ्ट'विषयी प्रशासनाने कोणताही नियम करू नये, असे या कलमाने म्हटले होते. मात्र ते विमान केवळ छंदासाठी उडविले जावे, देशव्यापी हौशी संघटनेच्या सुरक्षा-संहितेनुसार उडविले जावे, इत्यादी अटी घातल्या होत्या. व्याकरणाच्या परिभाषेत बोलावयाचे तर 'सर्व विमानांची नोंदणी व्हावी' हा उत्सर्ग आणि कलम ३३६ हा त्याचा अपवाद. खटल्यात प्रशासनाचे म्हणणे असे होते की, नोंदणीचा नियम नवा नाही. जुन्या कायद्याची जी अंमलबजावणी आजवर स्वेच्छेने केली नव्हती ती आता सुरू केली, एवढेच. न्यायालयाने ते मानले नाही. अपवाद स्पष्ट शब्दांत सांगितला असता उत्सर्ग तेथे प्रवृत्त होत नाही, हे पाणिनीच्या अभ्यासकास निराळे सांगावयास नको. भाषिकदृष्ट्या निर्णय निर्दोष होता. प्रशासनाने पुढे नाव काढून घेण्याची व शुल्क परत मिळण्याची सोयही केली.

४

तथापि हौशी पक्षाचा विजय आणि त्याचा पुढील पराभव एकाच जागेतून निघाले, आणि ती जागा म्हणजे 'मॉडेल एअरक्राफ्ट'ची व्याख्या. कलम ३३६ नुसार हे मानवरहित विमान हवेत टिकून उडू शकणारे असावे, चालकाच्या नजरेच्या टप्प्यात उडविले जावे, आणि छंदासाठी वा मनोरंजनासाठी उडविले जावे. या तीन लक्षणांत घडण नाही, आकार नाही, तसेच ते स्वतः बांधले की दुकानातून आणले हेही नाही. इंग्रजी 'मॉडेल' या शब्दाला मराठीत दोन प्रतिशब्द द्यावे लागतात : ज्यावरून दुसरे घडवावयाचे तो नमुना, आणि दुसऱ्यावरून घडविलेली ती प्रतिकृती. हौशी विमानांपैकी पुष्कळशी या दोहोंतही बसत नाहीत, कारण ती कोणत्याच मोठ्या विमानाची नक्कल नसतात. येथे योगार्थ केव्हाच लोपला असून केवळ रूढी उरली आहे. कायद्याने ती रूढीही बाजूस सारून केवळ प्रयोजनावर व्याख्या उभारली. परिणामी चार पंख्यांचा, छायाचित्रक बसविलेला, पेटीतून काढून दहा मिनिटांत उडविता येणारा ड्रोनही छंदासाठी उडविला असता 'मॉडेल एअरक्राफ्ट'च ठरला.

याच ठिकाणी हौशी पक्षाच्या भूमिकेतील अंतर्विरोध उघड होतो. 'आमची विमाने म्हणजे ड्रोन नव्हेत' हे जुन्या विमानकारांचे आवडते वाक्य. परंतु २०१७ च्या निर्णयाने मिळालेले संरक्षण हे दोन्ही एकच आहेत या गृहीतावर उभे होते. भेद मान्य केला असता तर निर्णय इतका व्यापक झाला नसता. भेद नाकारला म्हणून विजय मिळाला, पण तो विजय लाखो नव्या ड्रोनधारकांनाही मिळाला, आणि इतका रुंद अपवाद कोणतेही विधिमंडळ फार काळ राहू देणे शक्य नव्हते. अपवाद उत्सर्गाएवढा फुगला की तो अपवाद उरत नाही.

'ड्रोन' या शब्दाचा इतिहासही या भेदाच्या बाजूने साक्ष देत नाही. हा शब्द मूळचा नर मधमाशीचा वाचक. ब्रिटनमध्ये १९३५ च्या सुमारास वापरात आलेल्या 'क्वीन बी' या नेमबाजीच्या सरावासाठीच्या विमानाशी त्याचा संबंध सामान्यतः जोडला जातो. अमेरिकेत या प्रकारची विमाने मोठ्या संख्येने बनविणारी रेडिओप्लेन ही कंपनी रेजिनाल्ड डेनी या नटाच्या छंदातून निघाली. त्याचे हॉलिवूडमध्ये हौशी विमानांचे दुकान होते, आणि दुसऱ्या महायुद्धात त्याच्या कंपनीने सैन्याला हजारो लक्ष्य-विमाने पुरविली. ड्रोन आणि हौशी विमान ही एकाच घरची भावंडे होत. त्यांत भेद नाही असे नव्हे. पण तो वंशाचा नसून वापराचा आहे.

५

तिसरा युक्तिवाद असा : जो नियम पाळतो तोच नोंदणी करतो; विमानतळाजवळ ड्रोन नेणारा नोंदणी कशाला करील? हा आक्षेप वजनदार आहे. २०१५ च्या नियमात क्रमांक विमानाच्या आत, बॅटरीच्या कप्प्यात लिहिलेला चालत असे. उडत असताना जे वाचता येत नाही ते चिन्ह ओळख पटविण्याच्या कामी निरुपयोगीच. परंतु हा आक्षेप पुढे नेला असता तो कोठे पोहोचतो, याचा विचार हौशी पक्षाने पुरेसा केला नाही. चिन्ह वाचता येत नसेल तर ते वाचता येईल असे करा, हाच त्यातून निघणारा निष्कर्ष. फेब्रुवारी २०१९ मध्ये क्रमांक बाहेरच्या बाजूस आणण्यात आला. आणि जानेवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रिमोट आयडी' नियमाने विमानाने उडत असताना आपली ओळख व ठिकाण रेडिओलहरींनी सांगत राहावे, असे ठरविले. त्याच्या मसुद्यावर ५०,००० हून अधिक अभिप्राय आले. जुलै २०२२ मध्ये त्यास दिलेले आव्हान न्यायालयाने फेटाळले.

शासनाची बाजूही निर्दोष नाही. प्रयोजन आणि घडण या दोन्ही कसोट्या अवघड वाटल्यामुळे त्याने वजनाची कसोटी घेतली. २५० ग्रॅमची मर्यादा समितीने वरून पडणाऱ्या वस्तूच्या गतिज ऊर्जेचा हिशेब करून सुचविली होती. कसोटी मोजण्यास सोपी खरी, पण तीत अव्याप्तीचा दोष आहे. २०१९ मध्ये २४९ ग्रॅम वजनाचा, उत्तम छायाचित्रक असलेला ड्रोन बाजारात आला. छंदासाठी तो नोंदणीवाचून उडविता येतो. उलट एखाद्या शाळकरी मुलाने महिनाभर खपून बांधलेले, छायाचित्रक नसलेले, ३०० ग्रॅम वजनाचे रेडिओ-नियंत्रित ग्लायडर नोंदवावे लागते. लोकांना ज्याची भीती वाटते ते सुटते, आणि ज्याची कोणास भीती वाटत नाही ते अडकते.

६

हौशी पक्षाने कशाचे रक्षण करावयास हवे होते, हे नव्या नियमांत जे शिल्लक राहिले त्यावरून कळते. २०१८ च्या कायद्यात 'मॉडेल एअरक्राफ्ट' हा संरक्षित वर्ग उरला नाही. पण हौशी संघटनेच्या संहितेला स्थान राहिले. 'रिमोट आयडी' नियमानेही अशा संघटनांना व शिक्षणसंस्थांना मान्यताप्राप्त मैदाने मागण्याची मुभा ठेवली असून तेथे ओळख न सांगणारी विमाने उडविता येतात. म्हणजे जे वाचले ते वस्तूचे नाव नव्हे, तर त्या वस्तूभोवती उभे राहिलेले आचरण : मैदान, मंडळ, परस्परांवरील देखरेख. ॲकॅडमीच्या दीर्घ इतिहासाचे खरे बळ याच आचरणात होते. तेच वादाच्या केंद्रस्थानी आणावयाचे सोडून हौशी पक्षाने आपली सर्व भिस्त एका संज्ञेवर ठेवली, आणि ती संज्ञा कायद्याच्या एका फटकाऱ्याने पुसली गेली.

तथापि या तडजोडीत एका माणसाला जागा उरलेली नाही, आणि त्याच्या बाजूने हौशी पक्षातही फारसे कोणी बोलले नाही. तो म्हणजे कोणत्याही मंडळात नसलेला, आपल्या शेतात संध्याकाळी स्वतः बांधलेले विमान उडविणारा एकटा हौशी. २०१२ च्या कलमानेही संघटनेच्या संहितेची अट घालून त्याला अर्धे बाहेरच ठेवले होते. छंद ही मुळात एकट्याने, विनाप्रयोजन करावयाची गोष्ट आहे, असे मानले तर छंदाची कायद्यातील व्याख्या करताना ज्याचा विचार प्रथम व्हावयास हवा, तोच शेवटपर्यंत अनुल्लेखित राहिला. नोंदणीविषयक पुढील कोणत्याही चर्चेचे मूल्य, ती या माणसाला कोणत्या शब्दाने ओळखते, यावरून ठरवावे लागेल.