कॅफिनयुक्त व कॅफिनविरहित व्यायामपूर्व पूरके आणि वेगधाव : एक चिकित्सा

महाड-पोलादपूर परिसरातून पोलीस भरतीस जाणाऱ्या उमेदवारांसाठी हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नाही. ५० गुणांच्या शारीरिक चाचणीत १०० मीटर धावण्यास १५ गुण असतात.

कॅफिनयुक्त व कॅफिनविरहित अशा दोनच गटांची तुलना करणारी मांडणी मुळातच अपुरी वाटते. कॅफिनविरहित पावडरीतही बहुधा बीटा-ॲलनिन, सिट्रुलिन, क्वचित क्रिएटिन असते. त्यामुळे अशा तुलनेतून कॅफिनची भर किती, एवढेच कळेल. पूरक घ्यावे की नाही, हे कळणार नाही. त्यासाठी चवीला तसेच, परंतु निष्क्रिय पेय घेणारा तिसरा गट आवश्यक आहे. बीटा-ॲलनिन व क्रिएटिन यांचा परिणाम स्नायूंतील साठा वाढल्यावर, म्हणजे काही दिवसांच्या वा आठवड्यांच्या सेवनानंतर दिसतो. बीटा-ॲलनिनमुळे त्वचेला येणाऱ्या मुंग्या मात्र लगेच जाणवतात आणि पावडर ‘लागू पडली’ असा समज होतो!

दुसरा आक्षेप चाचणीविषयी. स्थिर सायकलवरील ३० सेकंदांच्या जोराचे निष्कर्ष मातीच्या मैदानावरील एका धावेस जसेच्या तसे लावता येत नाहीत. कॅफिनचा लाभ दीर्घ श्रमात अधिक खात्रीने आढळतो. पुरुष उमेदवारांच्या २० गुणांच्या १६०० मीटर धावेस तो अधिक लागू ठरावा. अल्प अंतराच्या एका धावेत तो अल्प व अनिश्चित आहे.

जागतिक उत्तेजक प्रतिबंधक संस्थेने २००४ मध्ये कॅफिन निषिद्ध यादीतून वगळले, म्हणून मात्रेचा विचार संपत नाही. अभ्यासांत सामान्यतः दर किलो वजनामागे ३ ते ६ मिलिग्रॅम मात्रा वापरतात. ३०० मिलिग्रॅमचा एक चमचा ५० किलोच्या मुलीस थेट वरच्या मर्यादेवर नेतो. त्यात सकाळचा चहा धरलेला नाही.