सावित्रीच्या अंगात घटोत्कच

‘मायाबजार’चा विषय निघाला की हैदराबादच्या नारायणगुड्यातली जुनी मंडळी आधी चांदण्यातल्या नावेवर येतात, मग घटोत्कचाच्या तोंडात आपसूक उडत जाणाऱ्या लाडवांवर. दोन्ही प्रसंग बहारीचे आहेतच. छायाचित्रकार मार्कस बार्टलींनी दिव्यांच्या करामतीतून उभं केलेलं चांदणं आजही खरं वाटतं. (2010 साली चित्रपट रंगीत करून आणला, त्यात दागिने उठून दिसले, चांदणं मात्र फिकं पडलं.) पण मला विचाराल तर या चित्रपटातली सगळ्यात मोठी माया नायिका शशिरेखा झालेल्या सावित्रीच्या खांद्यांत आणि पावलांत आहे.

कथा आपल्याला परकी नाही. केशवराव कोरटकरांच्या स्मरणार्थ निघालेली शाळा ज्या नारायणगुड्यात आहे, तिथल्या मराठी घरांना ‘वत्सलाहरण’ मुद्दाम सांगावं लागत नाही. व्यासांच्या महाभारतात ही गोष्ट नाही. ती लोकांनी रचली. बाबूराव पेंटरांनी 1921 मध्येच तिच्यावर ‘सुरेखा हरण’ काढला होता आणि व्ही. शांताराम त्यातूनच पडद्यावर आले. दिग्दर्शक के. व्ही. रेड्डींचा तेलुगू ‘मायाबजार’ आला 27 मार्च 1957 रोजी.

रेड्डी आणि लेखक पिंगळी नागेंद्रराव यांनी या लोककथेतून चक्क एक घरगुती सोयरिकीचं प्रकरण काढलं. पांडव राज्य हरतात आणि बलरामाच्या घरी शब्द फिरतो. अभिमन्यूला देऊ केलेली त्याची मुलगी शशिरेखा (म्हणजे आपली वत्सला) आता दुर्योधनाच्या मुलाला, लक्ष्मणकुमाराला द्यायची. दिवस फिरले की नातेवाईक कसे बोलायला लागतात, हे बलरामाच्या बायकोच्या, रेवतीच्या तोंडून ऐकताना द्वारका फार लांबची राहत नाही. गंमत म्हणजे ज्यांच्यामुळे हे सगळं घडतं ते पाच पांडव अख्ख्या चित्रपटात एकदाही दिसत नाहीत, आणि तरी त्यांची उणीव भासत नाही.

हे लग्न मोडायला खऱ्या शशिरेखेला पळवून तिच्या जागी, तिचंच रूप घेऊन, भीमाचा मुलगा घटोत्कच बसतो. इथून सावित्रीचं काम दुपदरी होतं. एस. व्ही. रंगारावांचा घटोत्कच आपण आधी पाहिलेला असतो: छाती काढून चालणारा, दणदणीत, पण मनाने पोरकट. सावित्री त्यांची नक्कल करत नाही. लग्नाच्या आनंदात लाजत-मुरकत गाणारी मुलगी मध्येच भान विसरते, खांदे रुंदावतात, मान ताठते, पार्श्वगायनात सुशीलांच्या गोड गळ्यात घंटसालांचा भरदार आवाज घुसतो. लगेच ती सावरते, पुन्हा लाजते. ते सावरणं पाहण्यासारखं आहे. कारण ती लाज शशिरेखेची नसून, शशिरेखा कशी लाजत असेल याचा एका राक्षसाने बांधलेला अंदाज आहे. म्हणून ती जरा जास्तच होते, नेमकी हवी तितकी जास्त. एका चेहऱ्यावर दोन माणसं दाखवायला इथे कुठलीच ट्रिक फोटोग्राफी लागलेली नाही.

मग बोहल्यावर ती नवऱ्या मुलाचा पाय दाबते. वर नजर खाली, चेहऱ्यावर नववधूचं हसू. खाली राक्षसाचा भार. हा विनोद एकट्या सावित्रीचा नाही. रेलंगींचा लक्ष्मणकुमार आधीपासून इतका नटवा आणि स्वतःवर खूष आहे की त्याच्या कळवळण्याची आपण वाटच पाहत असतो. तो ओरडतो तेव्हा मंडपात कुणाचाच विश्वास बसत नाही, कारण बाकीच्यांना दिसते ती फक्त खालमानेने बसलेली, सोज्वळ नवरी.