शलाकेची रुंदी आणि आकाशकाची लांबी : एका प्रचलित सूत्राचे परीक्षण

लीकी-वेव्ह अँटेना, म्हणजे गळत्या तरंगाचे आकाशक, याच्या विवेचनात एक सूत्र बहुधा आढळते. तरंगलांबीला आकाशकाची लांबी व लंबापासून मोजलेल्या शलाकाकोनाची कोज्या यांच्या गुणाकाराने भागले असता शलाकेची रुंदी रेडियनमध्ये मिळते. सूत्र सुटसुटीत आहे. परंतु त्यावरून ‘लांबी दुप्पट केली की शलाका निम्मी होते’ असा जो निष्कर्ष काढला जातो, तो तपासून घेणे अवश्य आहे.

हॅन्सन यांनी १९४० मध्ये सुचविलेल्या, लांब चीर पाडलेल्या तरंगनळीचेच उदाहरण घेऊ. नळीतून जाणारा तरंग चिरेवाटे सतत गळतो व त्याचा परमप्रसर घातांकी नियमाने घटतो. शलाकेची दिशा मुख्यतः कला स्थिरांक ठरवितो; रुंदी मात्र लांबी व क्षीणन या दोहोंवर अवलंबून असते. समजा, क्षीणन स्थिरांक मोकळ्या अवकाशातील तरंगांकाचा शतांश आहे आणि शलाका लंबापासून ३० अंशांवर आहे. लांबी १८.३ तरंगलांब्या असता ९० टक्के शक्ती प्रारित होते व अर्धशक्ती-रुंदी सुमारे ३.३ अंश येते. लांबी दुप्पट करता ९९ टक्के शक्ती बाहेर पडून रुंदी १.९ अंशांवर उतरते. चौपट करता ती १.३५ अंश भरते. आणि लांबी अनंत मानली तरी सुमारे १.३ अंशांखाली जात नाही. कारण उघड आहे. दुसऱ्या दुपटीने जोडलेल्या भागापर्यंत अवघी एक टक्का शक्ती पोहोचते. एवढ्या शक्तीसाठी नळी दुप्पट करणे हा धातूचा अपव्यय होय.

सूत्रात क्षीणन दिसत नाही, याचे कारण सुमारे ९० टक्के प्रारणाला पुरेल अशी लांबी आधीच निवडली आहे, हे गृहीत त्यात दडलेले असते. तेव्हा अरुंद शलाका हवी असल्यास प्रथम गळती मंद करावी आणि मग तिला अनुरूप लांबी द्यावी. गळती टोकाकडे क्रमशः वाढविली, तर उत्तरार्धही कामी येतो आणि पार्श्वशलाका आटोक्यात ठेवता येतात. मात्र कला स्थिरांक सर्वत्र सारखा राखला पाहिजे.

याचे मोलही द्यावे लागते. वारंवारता बदलली की शलाका फिरते. म्हणून ती जितकी अरुंद, तितका एका ठरावीक दिशेला उपयोगी पडणारा वारंवारता-पट्टा आकुंचित होतो. उलट, नळी फार आखूड ठेवली व टोकाशी योग्य शोषक भार नसला, तर उरलेली शक्ती परावर्तित होऊन विरुद्ध बाजूस दुसरी शलाका उभी करते. लांबीचा विचार गळतीपासून वेगळा काढता येत नाही, हे सूत्र वापरणाऱ्याने ध्यानी ठेवावे.