खमंगाच्या काठावर

आमच्या घरी चकलीची भाजणी व्हायची तेव्हा शेवटची दोन मिनिटं आईशी कोणी बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता. डाळीचा रंग पालटायला लागला की ती गॅस बंद करायची आणि कढई तशीच परातीत उलटी करायची. आच बंद झाली तरी तापलेली कढई धान्य भाजतच राहते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. खमंग आणि करपट यांच्यात जेमतेम एका श्वासाचं अंतर असतं. अमेरिकन पोर्टर पिताना मला दर वेळी ते अंतर आठवतं, कारण या काळ्या बीअरची सगळी गंमत त्याच अंतरात आहे.

बार्लीला मोड आणून ती वाळवली की माल्ट तयार होतो. पोर्टरमध्ये बहुतेक माल्ट फिकटच असतो. काळपट रंग आणि कॉफी-चॉकलेटची चव येते ती त्यात मिसळलेल्या मोजक्या भाजलेल्या माल्टमुळे, आणि त्याचं प्रमाण बहुधा दहा टक्क्यांच्या आतबाहेर असतं. हा माल्ट फिरत्या पिंपात दोनशे अंशांच्या वर भाजतात. तो हव्या त्या रंगाला आला की पिंपात पाण्याचा फवारा मारतात, म्हणजे भाजणं जागीच थांबतं. आईची परात आणि हा फवारा एकच काम करतात. अशा पिंपाचं पेटंट डॅनियल व्हीलरने 1817 मध्ये इंग्लंडमध्ये घेतलं. त्याआधी लंडनची पोर्टर तपकिरी माल्टची असे आणि तो माल्ट लाकडाच्या जाळावर वाळवला जाई. रस्त्यांवर आणि थेम्सच्या धक्क्यांवर ओझी वाहणाऱ्या हमालांची ही आवडती बीअर, म्हणून तिला त्यांचंच नाव पडलं.

अमेरिकेत ती वसाहतकाळातच पोहोचली. फिलाडेल्फियाच्या रॉबर्ट हेअरची पोर्टर जॉर्ज वॉशिंग्टनच्या आवडीची होती, आणि 1789 मध्ये लाफायेतला लिहिलेल्या पत्रात आपण देशी पोर्टरच वापरतो असं त्याने अभिमानाने कळवलं होतं. पुढे फिकट लागर बीअरची लाट आली, 1920 ते 1933 दारूबंदी झाली आणि पोर्टर जवळजवळ विस्मरणात गेली. पेनसिल्व्हेनियात पॉट्सव्हिलच्या युएंगलिंगसारख्या एखाद्या जुन्या घराने ती धरून ठेवली. खुद्द लंडनमध्येही ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत संपली होती. अशा वेळी सॅन फ्रान्सिस्कोत फ्रिट्झ मेटॅगच्या अँकर ब्रुअरीने 1972 मध्ये पोर्टर पुन्हा उकळायला घेतली. क्राफ्ट ब्रुअऱ्यांची आजची अमेरिकन पोर्टर तिथून सुरू होते.

इंग्लिश पोर्टरपेक्षा ही अंगाने जरा भक्कम. बीअर परीक्षकांच्या प्रमाणपत्र कार्यक्रमाने 2015 मध्ये आखलेल्या चौकटीत तिचं अल्कोहोल 4.8 ते 6.5 टक्के आणि कडवटपणा 25 ते 50 अंकांचा आहे. अमेरिकन यीस्ट सहसा फळाफुलांचा वास फारसा सोडत नाही, त्यामुळे भाजलेल्या धान्याला मोकळं अंगण मिळतं. त्यावर हॉप्स या वेलीच्या फुलांची कडू धार जरा ठळक असते.

एके दिवशी मी अशा पोर्टरच्या तीन बाटल्या घेऊन बसलो. फ्रिजमधून काढून त्या वीस-पंचवीस मिनिटं बाहेर ठेवल्या, कारण बर्फगार पोर्टर मुकी असते. दहा-बारा अंशांना आली की ती बोलायला लागते. क्रमही ठरवून घेतला होता. सौम्य आधी आणि धुरकट शेवटी, नाहीतर धूर जिभेवर ठाण मांडतो आणि पुढचं काही कळत नाही.

पहिली ओरेगनमधल्या बेंड गावच्या डेशूट्सची 'ब्लॅक ब्यूट पोर्टर'. ही ब्रुअरी 1988 ची. पोर्टरने नाव घेतलंय जवळच्याच एका विझलेल्या ज्वालामुखीचं. फिकट बीअरवर सगळी बाजारपेठ चालत असताना एका छोट्या गावातल्या नव्या ब्रुअरीने काळ्या बीअरला आपला चेहरा केलं, याचं मला फार कौतुक वाटतं. पेला खिडकीपाशी धरला तर मधला भाग काळा आणि कडेला माणकासारखी लाल झाक. फेस मलईदार, दुधाळ कॉफीच्या रंगाचा. पहिल्या घोटात कोको, मग टोस्टची कड, मग जरासं टॉफीचं गोड. अल्कोहोल साडेपाच टक्क्यांच्या आसपास, पण ते कुठे टोचत नाही. भाजणीच्या भाषेत सांगायचं तर इथे कढई जरा लवकरच उतरवली आहे. धान्य बदामी झालंय, पुढे जायला अजून वाव आहे आणि ब्रुअरने तो मुद्दाम ठेवलाय. म्हणून दुसरा घोट सहज घ्यावासा वाटतो.

दुसरी ओहायोतल्या क्लीव्हलंडच्या ग्रेट लेक्स ब्रुइंगची 'एडमंड फिट्झजेराल्ड'. हे एका मालवाहू जहाजाचं नाव. लोहखनिजाच्या गोळ्या भरून निघालेलं हे जहाज 10 नोव्हेंबर 1975 रोजी लेक सुपीरियरमधल्या वादळात बुडालं आणि त्यावरचे सगळे 29 जण गेले. सरोवराकाठच्या शहरातल्या ब्रुअरीने आपल्या काळ्याभोर बीअरला त्या जहाजाचं नाव द्यावं, यात मला आदर दिसतो. ओझी वाहणाऱ्यांच्या नावाची बीअर पुन्हा एका ओझं वाहणाऱ्यापाशी येऊन पोहोचली आहे.

हिचा घोट मी तोंडात जास्त वेळ धरला. आधी कडू चॉकलेट येतं, लगेच पाठोपाठ काळ्या कॉफीचा चटका. इथे माल्टबरोबर मोड न आणता भाजलेली बार्लीही आहे, आणि तो कोरडा, कॉफीसारखा कडवटपणा तिचाच. अगदी शेवटी, आता करपट लागणार असं वाटतं त्या क्षणाला हॉप्स येतात. त्यांचा कडूपणा वेगळा, पालेभाजीच्या देठासारखा ताजा. तो भाजलेल्या कडवटपणाला पुढे सरकू देत नाही. घोट गिळल्यावर जीभ कोरडी आणि स्वच्छ राहते. दोन कडू चवी एकमेकींना सांभाळून घेताहेत, हे मी तीनदा थांबून तपासलं आणि तिन्ही वेळा तसंच आढळलं. खमंगाच्या इतकं काठाशी जाऊन तोल न सोडणारी बीअर मी दुसरी प्यायलेलो नाही. तिघींत माझा कौल हिलाच.

तिसरी अलास्कातल्या जूनो शहराची 'अलास्कन स्मोक्ड पोर्टर', पहिल्यांदा 1988 मध्ये आलेली. ब्रुअरीसमोरच सॅमन मासे धुरवण्याचं घर होतं. ब्रुअरीने आपला काही माल्ट तिथे नेऊन आल्डरच्या लाकडाच्या धुरात ठेवला. बाटलीवर वर्ष छापलेलं असतं आणि लोक ती वर्षानुवर्षं सांभाळून ठेवतात, कारण 6.5 टक्क्यांच्या या बीअरमधला धूर काळाबरोबर मऊ होत जातो आणि सुक्या मनुकांसारखी चव वर येते. माझी बाटली ताजी होती. पेला ओठाला लागण्याआधीच विझत्या चुलीचा वास आला. घोटात आधी धूर, मग धुराखालून चॉकलेट, मग किंचित खारट-मांसल असं काहीतरी, ज्याला माझ्याकडे नेमका शब्द नाही. इथे खमंगपणा नुसता कढईतला राहत नाही, त्यात चुलीचाही वाटा येतो.

आणि तेव्हाच व्हीलरचं पिंप आठवलं. त्याच्या आधीचा तपकिरी माल्ट लाकडाच्या जाळावरच वाळायचा, म्हणजे हमालांच्या पोर्टरलाही थोडाफार धूर लागत असणारच. जूनोच्या ब्रुअरने शेजारच्या मच्छीवाल्याच्या धुरात माल्ट ठेवला, तो काही लंडनची नक्कल करायला नव्हे. पण हाताशी जे लाकूड आणि जी आग होती तिच्यावर विश्वास ठेवून तो नकळत या बीअरच्या बालपणापाशी जाऊन पोहोचला. बेंडने आच जपली, क्लीव्हलंडने ती काठापर्यंत नेली आणि जूनोने जाळच पेल्यात आणून ठेवला.

उशिरा रात्री रिकामे पेले विसळायला घेतले. पहिल्यात कोको जेमतेम उरला होता. तिसऱ्यातला धूर हातभर अंतरावरूनही येत होता. मधला पेला मी नाकाशी धरला आणि डोळे मिटले. आईच्या परातीतल्या, नुकत्याच ओतलेल्या, अजून चटचटणाऱ्या धान्याचा वास होता तो. तो पेला मी शेवटी विसळला.