सॅम हफच्या अंगावरचा माइक

खेळाडूच्या अंगावर माइक लावलेली रील्स आपण आता अंगठ्याने सहज वर ढकलतो. पण ३० ऑक्टोबर १९६० ला सीबीएसवर अमेरिकन प्रेक्षकांनी जे ऐकलं, ते त्यांना नवं होतं: धापा, हाका, पॅडवर पॅड आदळल्याचा आवाज. ‘द व्हायोलंट वर्ल्ड ऑफ सॅम हफ’ हा तो अर्ध्या तासाचा माहितीपट. निवेदन वॉल्टर क्रॉंकाइटचं, नायक न्यू यॉर्क जायंट्सचा मिडल लाइनबॅकर. हफच्या पॅडमध्ये छोटा ट्रान्समीटर बसवून त्याला शिकागो बेअर्सविरुद्धच्या सराव-सामन्यात उतरवलं होतं.

हा खेळ न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात: बचावाची पहिली फळी समोरच्यांना भिडते, लाइनबॅकर तिच्या मागे उभा असतो. चेंडू घेऊन कोणी घुसला तर त्याला आडवं करायचं, पास येणार असेल तर मागे पळायचं. यातलं काय करायचं ते क्षणात ठरवावं लागतं. हफ १९५६ मध्ये जायंट्सकडे आला तेव्हा बचावाचा प्रशिक्षक होता टॉम लँड्री. त्याने चार पुढे, तीन मागे अशी रचना बेतली आणि मधोमध हफला उभं केलं. त्याच मोसमात जायंट्सनी अंतिम सामन्यात बेअर्सना ४७-७ असं धुतलं. तोवर टाळ्या धावणाऱ्यांच्या आणि फेकणाऱ्यांच्या वाट्याच्या होत्या. आता यँकी स्टेडियम ‘हफ, हफ, हफ’ असं गर्जू लागलं. २५ व्या वर्षी तो ‘टाइम’च्या मुखपृष्ठावर होता.

माहितीपट मला आवडतो, तक्रार आहे ती शीर्षकाशी. ‘हिंसक जग’ म्हटलं की आपण धडकेची वाट पाहत बसतो. हफचं खरं काम तर धडकेच्या आधीचं: समोरची मांडणी वाचायची, आपल्या लोकांना इशारे द्यायचे. कारकिर्दीत त्याने ३० पास मधल्यामध्ये हिसकावले, ते काही नुसत्या ताकदीवर जमत नाही. माइकला हे वाचन ऐकू येणार कसं? त्याला आवाज लागतो, म्हणून एका विचारी खेळाडूची ख्याती दणका देणारा अशी झाली. त्यात हा माहितीपट ‘द ट्वेन्टिएथ सेंच्युरी’ या मालिकेतला, जिच्यात युद्धांचा इतिहास सांगितला जायचा. त्या शेजारात लाइनबॅकर सैनिकासारखा दिसला तर नवल नाही.

शिवाय हिंसा म्हणजे काय, हे हफला मैदानावर शिकावं लागलं नव्हतं. तो खाणकामगाराचा मुलगा, वेस्ट व्हर्जिनियात फार्मिंग्टनजवळ नऊ नंबरच्या खाणीच्या वस्तीत वाढलेला. फुटबॉल ही तिथून निसटायची वाट होती. २० नोव्हेंबर १९६८ ला त्या खाणीत स्फोट झाला आणि ७८ कामगार गेले. माहितीपटाच्या वेळी हे घडलेलं नव्हतं, हे खरं. पण आज तो पाहताना ‘हिंसक’ हा शब्द मला मैदानापेक्षा त्या खाणीला जास्त लागू वाटतो.

१९६४ मध्ये जायंट्सनी त्याला वॉशिंग्टनला देऊन टाकलं. तो राग त्याने जपला. १९६६ मध्ये वॉशिंग्टनने जायंट्सना ७२-४१ असं हरवलं. शेवटच्या सेकंदांत आणखी तीन गुण घेता यावेत म्हणून टाइमआउट आपणच मागितला, असं तो पुढे सांगायचा. (खुन्नस धरावी तर अशी.) १९८२ मध्ये तो हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि २०१२ पर्यंत वॉशिंग्टनच्या सामन्यांचं रेडिओ समालोचन करत राहिला. नंतर स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. नोव्हेंबर २०२१ मध्ये, ८७ व्या वर्षी, तो गेला.

डोक्याला बसलेल्या धक्क्यांचं पुढे काय होतं, हे १९६० च्या निर्मात्यांना विचारण्यात अर्थ नाही. पण एक निवड त्यांचीच होती. माइक हफच्या अंगावर होता, म्हणून धडक आपल्याला कायम देणाऱ्याच्या बाजूने ऐकू येते. ज्याला ती बसली त्याचा श्वास त्या ध्वनिमुद्रणात शोधायला कान लावावा लागतो.